जर्मनीत तेरा महिने बिननोकरीचे: भुसावळच्या भावाला उत्तर

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काय समजलं ते तुला कळेल. तू भुसावळचा, वय २७, मेकॅनिकल झालेला, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तीन वर्षं क्वालिटीत. वडील रेल्वेतून निवृत्त झालेत, फंडाचे पैसे बँकेत आहेत आणि ते म्हणतात, 'घे आणि जा.' नोकरी सोडून चान्सेनकार्टेवर (काम शोधायला मिळणाऱ्या जर्मन परवान्यावर) जर्मनीत यायचं आणि इथे राहून काम शोधायचं, असा तुझा बेत. आणि शेवटी विचारलंस, 'ताई, तिकडे मंदी आहे म्हणतात. वर्षभर काही मिळालंच नाही तर माणूस दिवस कसे काढतो?'

मी काढलेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मास्टर्स संपलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये करारावर सही केली. मधले तेरा महिने कसे गेले ते सांगते, पण आधी 'म्हणतात' हा शब्द काढून टाक. मंदी आहेच. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं इथली अर्थव्यवस्था आकसली. रशियाचा स्वस्त गॅस २०२२ मध्ये बंद झाला, वीज महागली, व्याजदर चढले, चीनमध्ये जर्मन गाड्यांचा खप घसरला. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवागन आणि कामगार संघटना यांच्यात २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त जागा कमी करायचा समझोता झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये बेरोजगारांचा आकडा ३० लाखांवर गेला, दहा वर्षांत पहिल्यांदा. तू ज्या रांगेत उभा राहणार त्या रांगेत तुझ्यापुढे वीस वर्षं एकाच कारखान्यात काढलेला, घरात जर्मन बोलणारा माणूसही उभा आहे. 'जर्मनीत माणसांची टंचाई आहे' हे एजंटचं वाक्य खोटं नाही. पण ती टंचाई नर्सिंगमध्ये आहे, इलेक्ट्रिशियनच्या कामात आहे, बांधकामात आहे. तुझ्या गाड्यांच्या धंद्यात सध्या उलटंच वारं आहे.

आता तुझं कार्ड, म्हणजे चान्सेनकार्टे. जून २०२४ पासून ते सुरू झालं, एक वर्षाचं असतं, सहा गुण लागतात. तुझे मी मोजले. पस्तिशीच्या आत म्हणून २, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांहून जास्त अनुभव म्हणून २, टंचाईच्या यादीतलं शिक्षण म्हणून १, इंग्रजीची सी१, म्हणजे वरच्या पातळीची, परीक्षा दिलीस तर १. झाले सहा. जर्मनचं एक अक्षर न येता. मला भीती वाटते ती इथेच. कार्ड देणाऱ्याला जर्मन लागत नाही, नोकरी देणाऱ्याला लागतं. मी स्वतः जर्मनच्या ए२ वर, म्हणजे खालून दुसऱ्या पायरीवर, आले होते. मास्टर्स इंग्रजीत, लॅब इंग्रजीत, खोलीत दोन तेलुगू मुली, त्यामुळे दोन वर्षांनी पदवी हातात आली तरी बेकरीत पाव मागण्यापलीकडे माझी गाडी गेली नव्हती. पहिले पाच महिने मी फक्त इंग्रजी जाहिराती आणि फक्त मोठी नावं धरून अर्ज करत होते. ते पाच महिने अक्षरशः पाण्यात गेले.

नकार कसा येतो ते सांगू? मेल उघडावी लागत नाही. फोनच्या पडद्यावर पहिली दीड ओळ दिसते आणि त्यात 'लायडर' हा शब्द असतो. लायडर म्हणजे 'खेद आहे की'. दुसऱ्या महिन्यापर्यंत डोळे बाकीचं काही वाचतच नाहीत, तो एक शब्द हुडकतात. मी पहाटेच्या पाळीला पार्सलच्या गोदामात जायची, साडेतीनला सुरू. एका हातात स्कॅनर, पट्ट्यावरून खोकी येत राहतात, आणि खिशातला फोन थरथरला की पोटात खड्डा पडायचा. शेवटी मी मेलचा आवाजच बंद केला आणि दिवसातून एकदा, जेवण झाल्यावर, बसून बघायचं ठरवलं. उपाशीपोटी बघायचं नाही. हसू नको, तेरा महिन्यांतला सगळ्यात कामाचा नियम हाच निघाला.

गोदामातलं काम सांगायला मला आता लाज नाही, तेव्हा होती. पण पैशाचा हिशेब नीट बघ, कारण तुझा माझ्यापेक्षा अवघड आहे. इथली पदवी घेतलेल्याला नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि त्या काळात कुठलंही काम पूर्णवेळ करता येतं. त्यामुळे माझं भाडं निघायचं आणि आरोग्य विमाही त्याच नोकरीतून व्हायचा. तुला कार्डावर आठवड्याला २० तासच. २०२५ च्या किमान वेतनानं, म्हणजे तासाला १२.८२ युरोनं, महिन्याला कपातीआधी अकराशे युरो धर. तेवढंही लगेच मिळेल असं समजू नको. म्हणून सरकार आधीच महिन्याला १,०९१ युरोच्या (२०२५ चा आकडा) हिशेबानं वर्षाचे पैसे ब्लॉक खात्यात दाखवायला लावतं, म्हणजे १३,०९२ युरो. शंभराच्या आसपासच्या भावानं तेरा लाख. हा पैसा बुडत नाही, दर महिन्याला तुझ्याच हातात येतो. पण नोकरी लागेपर्यंत तो खाऊनच संपतो, हेही तितकंच खरं. आणि कार्डावर आलेल्याला बेकारभत्ता नाही. मी विद्यार्थी असताना दीड वर्ष कंपनीत अर्धवेळ काम केलं, तरी मलाही मिळाला नाही, कारण विद्यार्थ्याच्या पगारातून बेकारी विम्याचा हप्ता कापलाच जात नाही. मला हे पदवीनंतर कळलं. (व्हिसाची सरकारी फी ७५ युरो आहे. जळगावात कोणी तुला 'पूर्ण प्रोसेस' म्हणून दोन लाख सांगत असेल तर त्याला नमस्कार कर आणि उठ.)

माझ्यावर शैक्षणिक कर्जही होतं. अभ्यासक्रम आणि वर वर्षभर, एवढीच सूट. ऑक्टोबर २०२४ मध्ये हप्ता सुरू झाला तेव्हा मी अजून खोकीच उचलत होते. पहिले दोन हप्ते बाबांनी भरले.

बाबांवरून मूळ गोष्टीवर येते. तू पैशाचं विचारलंस, मंदीचं विचारलंस, पण मला खरं मोडलं ते माझ्याच एका वाक्यानं. पदवी झाल्यावर महिन्याभरात आईनं विचारलं, 'लागलं का गं काही?' आणि मी म्हणाले, 'हो, ट्रेनिंग चालू आहे.' गोदामात पहिल्या दिवशी स्कॅनर शिकवतात, त्याला ट्रेनिंग म्हणत असतील तर ते खोटं नव्हतं. सावद्याजवळचं आमचं गाव. चार दिवसांत पेढे वाटून झाले. मग एकाच्या पोराची पत्रिका आली, दुसऱ्यानं बाबांना गाठून 'पोरीच्या कंपनीत आमच्या पोराचं बघा' म्हटलं. दर रविवारी फोनवर मला ट्रेनिंग थोडं पुढे न्यावं लागायचं. अर्ज करायचा कंटाळा यायचा नाही, पण रविवार आला की अंग गळून जायचं.

श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशी देवीच्या सणाच्या, रविवारी सगळं भाऊबंद घरी जमलं होतं. आईनं व्हिडिओवर कानबाई दाखवली, रोटांचं ताट दाखवलं, आणि मागून चुलतभाऊ ओरडला, 'कंपनीचं नाव तरी सांग भो, गुगलवर बघतो!' मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं, फोन कापला आणि जिन्यात जाऊन बाबांना वेगळा लावला. सगळं सांगितलं. गोदाम, साडेतीनची पाळी, दीडशे नकार. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'जूनच्या वादळात निम्मी केळी आडवी झाली. घड भरायला आले होते. तुला ट्रेनिंगमध्ये कशाला त्रास, म्हणून बोललो नाही.' आठ-दहा आठवडे दोघंही एकमेकांपासून लपवत होतो. त्यानंतर दर रविवारी आम्ही खरे आकडे बोलायला लागलो. त्यांनी किती खोडं वाचली ते सांगायचं, मी किती अर्ज केले ते सांगायचं. नोकरी त्यामुळे लागली नाही, पण झोप लागायला लागली.

शोधाच्या कामातल्या दोन-तीन गोष्टी ज्या मला कोणी सांगितल्या नाहीत. इथे नोकरी सोडताना बऱ्याचदा तीन-तीन महिन्यांची नोटीस असते, त्यामुळे भरतीही त्याच चालीनं चालते. अर्जाला सहा आठवडे उत्तर नाही म्हणजे नकारच असं नसतं. ऑगस्टमध्ये आणि नाताळाच्या आसपास कोणी जागेवर नसतं, ते आठवडे भाषेला दे. संध्याकाळी फोक्सहोखशूलेत, म्हणजे नगरपालिकेच्या प्रौढ शिक्षणवर्गात, कमी फीमध्ये जर्मन शिकता येतं. मी तिथेच बी१ आणि मग बी२ केलं. आणि दिवसाला दहा अर्ज टाकण्यापेक्षा दोन टाक, पण त्या कंपनीचं यंत्र काय करतं ते वाचून टाक.

फोक्सहोखशूलेतल्या शिक्षिकेनंच माझी सगळ्यात महागडी चूक पकडली. इथे जुन्या कंपनीचं प्रशस्तिपत्र लागतं, त्याला त्साइग्निस म्हणतात. ते वाचायला गोड, पण आत ठरलेली सांकेतिक भाषा असते. 'नेहमी आमच्या पुरेपूर समाधानाप्रमाणे काम केलं' म्हणजे पहिला वर्ग. 'नेहमी' आणि 'पुरेपूर' गळले आणि नुसतं 'समाधानाप्रमाणे' उरलं की अर्थ होतो, जेमतेम पास. माझ्या इंटर्नशिपच्या पत्रात नुसतं समाधान होतं! ते पत्र मी सात महिने, मोठ्या अभिमानानं, प्रत्येक अर्जाला जोडत होते. त्या कंपनीला विनंती केली तेव्हा त्यांनी माफी मागून चार दिवसांत बदलून दिलं. कोणीतरी जुना मसुदा उचलून चिकटवला होता. तू चाकणहून निघताना 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नोकरीस होते' एवढंच पत्र घेऊन निघू नको. कुठली तपासणी केलीस, कुठली यंत्रं हाताळलीस, सगळं लिहून घे.

एकटेपणावर माझ्याकडे मोठं औषध नाही. जळगाव, धुळे, मालेगाव इकडची पाच जणं सापडली, महिन्यातून एकदा भरीत व्हायचं. इथली वांगी काळी-जांभळी, आपल्या हिरव्या-पांढऱ्या भरताच्या वांग्याची चव नाही, आणि भट्टीऐवजी ओव्हन. एकदा धुराचा अलार्म वाजून अख्खी इमारत खाली उतरली होती. तरी त्या रात्री कोणी कोणाला 'लागलं का?' विचारत नसे, आणि तेवढं पुरे व्हायचं.

नोकरी लागली ती नाव न ऐकलेल्या गावात, ऐंशी माणसांच्या कंपनीत. पाण्याचे व्हॉल्व्ह आणि फिल्टर बनवतात. जाहिरात फक्त जर्मनमध्ये, फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवर. मुलाखतीत म्हाताऱ्या मालकानं विचारलं, फिल्टर तुंबतो म्हणजे काय होतं ते सांगा. मी ठिबकच्या नळ्यांवर आले. विहिरीच्या पाण्यातले क्षार तोट्यांत कसे बसतात, बाबा अ‍ॅसिड सोडून लाइन कशी धुतात, वाळूचा फिल्टर उलटा कसा फिरवतात. दहा मिनिटं मी बी२ च्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आमची केळीची बाग सांगत होते आणि तो लिहून घेत होता. नशीब होतंच, नाकारत नाही. पण मार्चमध्ये हीच मुलाखत आली असती तर मला 'क्षार'ला शब्द सापडला नसता.

म्हणून माझं मत विचारशील तर आत्ता नोकरी सोडू नको. पुण्यात राहून आधी बी१ कर, जमलं तर बी२. पगार चालू असताना शिकणं आणि फंडाचे पैसे जाळत शिकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या काळात चाकणहूनच अर्ज करत राहा, अशाच छोट्या गावांतल्या कंपन्यांना, गाड्या सोडून पंप, पॅकेजिंग, वैद्यकीय उपकरणं, रेल्वे. तिथूनच करार मिळाला तर चान्सेनकार्टेची गरजच नाही, थेट ब्लू कार्डावर, म्हणजे पदवीधरांच्या नोकरीच्या परवान्यावर, येता येतं. त्याला २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो पगार लागत होता, टंचाईच्या व्यवसायांत ४३,७५९.८०. हे आकडे दरवर्षी बदलतात. आणि चान्सेनकार्टेवरच यायचं ठरलं तर परतीची तारीख निघण्याआधी ठरव. बारावा महिना नको, नववा. तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेव आणि ती तारीख घरात सगळ्यांना माहीत असू दे.

पुढच्या शनिवारी बोलू. हिवाळ्यात मी तुमच्या साडेचार तास मागे असते, तेव्हा तुझ्याकडे संध्याकाळी सहा म्हणजे मला दुपारचा दीड, चालेल. पण पुण्याहून करू नको. भुसावळला घरी गेलास की कर, फोन स्पीकरवर ठेव आणि वडिलांना शेजारी बसव. फंड त्यांचा आहे, तेरा लाखांचा हिशेब मला त्यांच्यासमोरच सांगायचा आहे.