‘हो जी’ म्हणणाऱ्या रुग्णाशी बोलावे कसे?

प्रश्न : मी नागपुरातील एका दवाखान्यात आरोग्य समुपदेशक आहे. साठीच्या एका रुग्णाला मधुमेह व रक्तदाब असून मूत्रपिंडावर परिणाम दिसू लागला आहे. गोळ्या चुकतात, खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) सुटत नाही. समजावले की ‘हो जी’ म्हणतात, पण बदल शून्य. अशा रुग्णांसाठी ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ ही समुपदेशनाची पद्धत उपयोगी पडते का?

उत्तर : पडते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये ही पद्धत मद्यपींच्या संदर्भात मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती विकसित केली. आपण उपदेश करू लागलो की रुग्ण आपल्या सवयीची बाजू मांडतो, किंवा ‘हो जी’ म्हणून सुटका करून घेतो. म्हणून बदलाची कारणे त्याच्याच तोंडून यावीत, अशी तिची धारणा आहे.

साखर, मीठ, गोळ्या आणि खर्रा ही सारी यादी एकाच भेटीत पुढे ठेवू नये. सुरुवात कशापासून करावी, हे त्यांनाच विचारावे. रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागते, एवढीच त्यांची तक्रार असेल, तर तिथूनही साखरेचा विषय सहज निघतो.

खर्ऱ्याबाबत ‘तो सोडणे तुम्हाला शून्य ते दहापैकी किती महत्त्वाचे वाटते?’ असे विचारावे. ते ‘चार’ म्हणाले, तर ‘आठ का नाही?’ असे विचारू नये, कारण मग ते न सोडण्याचीच कारणे देतील. ‘दोन न म्हणता चार का म्हणालात?’ असे विचारल्यावर कदाचित ‘नातू जवळ येत नाही, वास येतो म्हणतो’ असे उत्तर येईल. तेच आपल्या शब्दांत परत म्हणावे आणि थांबावे. हे थांबणेच आपल्याला सर्वांत जड जाते.

माहिती देतानाही आधी त्यांना काय ठाऊक आहे ते विचारावे, परवानगी घ्यावी आणि एकच गोष्ट सांगावी; उदाहरणार्थ, अंगदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. त्यावर त्यांना काय वाटते, हेही ऐकावे. छातीत दुखत असेल किंवा साखर एकदम उतरली असेल, तर मात्र संवाद बाजूला ठेवून थेट सूचना द्यावी.

आणि गोळ्या पैशांअभावी चुकत असतील, तर तो प्रेरणेचा प्रश्नच नव्हे. तेव्हा डॉक्टरांना विचारून जवळच्या जनऔषधी केंद्राचा पत्ता द्यावा.