आईसाठी चीगोंग शिकावं का? त्यातली ‘ऊर्जा’ खरी असते का?

चीगोंग म्हणजे सावकाश हालचाली आणि श्वास यांचा चिनी व्यायाम. आई ६८ वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी चालू, गुडघे कुरकुरतात, आणि ‘चीगोंग केलं की गोळ्या सुटतात’ असं ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. आधी त्या गोळ्यांचं बोलू. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. बाकी चीगोंग करायला माझी काही हरकत नाही, उलट या वयाला ते छान मानवतं.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही काही वर्षं शांघायला होतो. तिथल्या फुशिंग पार्कात सकाळी आजी-आजोबांची गर्दी असते, त्यांच्यातच मागे उभी राहून मी शिकले. आईंसाठी मी ‘बादुआनजिन’ सुचवेन. आठ हालचालींचा हा संच बारा-पंधरा मिनिटांत होतो, सगळा उभ्यानेच, घाम फुटत नाही. बोटं गुंफून तळवे आकाशाकडे ढकलायचे, धनुष्य ओढल्यासारखे हात ताणायचे, मान सावकाश वळवून मागे बघायचं, असे प्रकार. सातव्यात मुठी आवळून चक्क डोळे वटारायचे असतात. तो करताना पार्कातल्या आज्या ज्या तन्मयतेने रागवायच्या, ते बघायला मजा यायची! शेवटी टाचा उचलून सात वेळा हलकेच खाली सोडायच्या.

प्राणायामापेक्षा वेगळं काय, हेही तुम्ही विचारलंय. इथे श्वास रोखायचा नसतो. हात वर जाताना आत, खाली येताना बाहेर, इतकंच. तेही जमेल तसं. रक्तदाब असलेल्यांना कुंभक करू नका म्हणतात, तो प्रश्नच इथे येत नाही.

आता ‘ची’, म्हणजे तुम्ही विचारलेली ती ‘ऊर्जा’. चिनी वैद्यकाप्रमाणे ती शरीरातल्या ठरावीक मार्गांनी वाहते. कुठल्या यंत्रावर ती कुणी मोजून दाखवलेली नाही. तळहात कोमट होतात, बोटांत मुंग्या येतात हे खरं, मलाही येतात. पण सावकाश श्वास, सैल खांदे आणि हातांकडे लागलेलं लक्ष एवढ्यानेही ते होऊ शकतं. शिकवणारे ‘ची पोटात उतरवा’ म्हणतात तेव्हा मी खांदे सोडते आणि पोटाने श्वास घेते. काम होतं, मग वाद कशाला घालू?

वाद घालावा लागतो तो ‘मी माझी ची तुमच्यात सोडून आजार बरा करतो’ म्हणणाऱ्यांशी. चीनने हे फार भोगलंय. असले व्यायाम तिथे फार जुने. चांगशाजवळ मावांगदुईला १९७३ साली उघडलेल्या, इ.स.पू. १६८च्या थडग्यात रेशमावर व्यायाम करणाऱ्या चाळीसहून जास्त माणसांची चित्रं निघाली. १९५०च्या दशकात लिऊ ग्वेइझेन या पक्ष-कार्यकर्त्याने स्वतःचा पोटाचा अल्सर यातून बरा झाल्याचं सांगितलं आणि सरकारी आरोग्यधामांत चीगोंग सुरू झालं. मग १९८०च्या दशकात त्याची लाटच आली. ‘गुरू’ स्टेडियमं भरवू लागले, दुरूनच रोग घालवण्याचे दावे झाले. काहींना तासन्‌तास साधना करून भास होऊ लागले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४च्या निदान-पुस्तिकेत त्याची वेगळी नोंद आहे. १९९९मध्ये फालुन गोंग या चीगोंगवर आधारलेल्या पंथावर बंदी आली, तिच्यामागे राजकारण होतं. त्यानंतर सरकारच्या क्रीडा खात्याने चार संच प्रमाणित करून शिकवायला घेतले. बादुआनजिन त्यातलंच एक, म्हणून सगळीकडे जवळपास सारखं दिसतं.

(बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने भारतातून चीनला नेलेली हीच ती विद्या, असा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. त्याच्या नावावर खपणारा ‘यीजिनजिंग’ हा व्यायामाचा ग्रंथ अभ्यासकांच्या मते सतराव्या शतकातला आहे, म्हणजे त्याच्यानंतर हजारभर वर्षांनी लिहिलेला. आपली कॉलर ताठ करायला दुसरं काहीतरी शोधू.)

फायद्याचा भक्कम पुरावा विचाराल तर तोल सावरण्याबद्दल आहे, आणि तोही याच्या भावंडाचा, ताई ची या दुसऱ्या संथ चिनी व्यायामाचा. पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा २०१२चा अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध आहे: आठवड्यातून दोनदा, सहा महिने. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडलं की काय होतं ते आपण घरोघरी बघतो, त्यामुळे मला हा फायदा मोठा वाटतो. रक्तदाबावरचे बरेच अभ्यास लहान आणि कच्चे आहेत.

आईंना शिकवताना तीन ठिकाणी सांभाळा. पाचव्या प्रकारात पाय फाकवून बरंच खाली बसायचं असतं. गुडघे दुखतात तर जेमतेम वाकू दे किंवा तो गाळा. सहाव्यात पुढे झुकून पायांकडे जाताना डोकं खाली लोंबू देऊ नका, चक्कर येते. आणि शेवटच्या प्रकारात, हाडं ठिसूळ असतील तर टाचा आपटायच्या नाहीत. पहिले काही दिवस खुर्ची हाताशी ठेवा. यूट्यूबवर मोफत व्हिडिओ भरपूर आहेत, एकच धरा. क्लास लावायचाच असेल तर शिकवणाऱ्याला आईंची औषधं आधी सांगा, आणि ‘ती हळूहळू बंद करू’ असं उत्तर आलं तर फी भरू नका.