कापून बसवलेला फोटो उपरा का दिसतो?

प्रश्न : नोकरीमुळे रात्री अर्धा तासच मिळतो. गिंप या फोटो सुधारायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भाचीचा फोटो कापून रायगडाच्या फोटोवर बसवला, पण ती चिकटवल्यासारखी दिसते. कडेला पांढरट रेघही येते. काय चुकतंय?

उत्तर : रेघ येते कारण कडेच्या पिक्सेलांत जुन्या पार्श्वभूमीचा रंग मिसळलेला असतो. सिलेक्शन (निवडलेला भाग) ‘श्रिंक’ने १-२ पिक्सेल आत घ्या, १ पिक्सेल ‘फेदर’ द्या (कड मऊ होते) आणि मग त्यावरून लेयर मास्क, म्हणजे चित्राच्या थराचा भाग न खोडता लपवणारा पडदा, बनवा. इरेजर वापरूच नका. खोडलेलं परत आणणं अवघड. मास्कवर काळ्या ब्रशने भाग लपतो, पांढऱ्याने परत येतो. केसांसाठी मऊ ब्रश, ऑपॅसिटी (अपारदर्शकता) ३० टक्के.

खरी मेख मात्र प्रकाशाची. गडावर ऊन डावीकडून आणि चेहऱ्यावर उजवीकडून असेल, तर कितीही सफाई करा, डोळा फसत नाही. भाचीचा फोटो आरशातल्यासारखा आडवा उलटवून पाहा (टी-शर्टवर अक्षरं नसतील तर!). मग ‘कर्व्ह्ज’ या उजेड-अंधार कमीजास्त करायच्या साधनाने तिच्या सावल्यांचा गडदपणा गडाच्या सावल्यांशी जुळवा. सावलीसाठी पायाखाली वेगळ्या लेयरवर काळा रंग, मोड ‘मल्टिप्लाय’ (खालचे रंग गडद करणारा), ऑपॅसिटी ४० टक्क्यांच्या आसपास, वर थोडा गॉशियन ब्लर (धूसरपणा). पायाजवळ सावली गडद आणि स्पष्ट ठेवा, नाहीतर माणूस तरंगतो.

अर्ध्या तासात एकच काम घ्या : आज मास्क, उद्या सावली. फाइल एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या प्रकारातच सेव्ह करा. जेपेगमध्ये लेयर उरत नाहीत आणि दर सेव्हला दर्जाही घसरतो.