एका पहाटेचा हिवाळा

प्रश्न: मी आणि माझा मित्र रोज पहाटे तापमापक पाहून आकडा वहीत लिहितो. डिसेंबरात एकदा पारा खूपच उतरला, म्हणून तो म्हणतो, हिवाळा झकास झाला. मला तर जानेवारीत स्वेटरही लागला नाही. खरं कोणाचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मी तुमच्या बाजूने. १० अंशांच्या खाली किती रात्री गेल्या, त्या सलग होत्या की तुटक, हे दोघांच्या वह्यांतून मोजा. उत्तरेचा कोरडा वारा आणि निरभ्र आकाश टिकलं की जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि पारा उतरतो. ढग आले की तीच उष्णता अडते, रात्र उबदार जाते. तुमचा जानेवारी बहुधा ढगांनीच खाल्ला.

मित्राचा तापमापक कुठे टांगलाय, तेही बघा. वेधशाळेत तो जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. उघड्यावर, गवतालगत ठेवला तर आकडा हमखास कमी दिसतो.

माझं लहानपण निफाडजवळच्या मळ्यात गेलं. कडाक्याच्या पहाटे वडील द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायचे. धुरातून चालताना पानांवरचं दव बाह्यांना लागायचं. थंडी वाढली की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, म्हणून ते रात्रभर जागे. बांधापलीकडे गव्हाला मात्र त्याच थंडीने भरघोस फुटवे यायचे, आणि शेजारचे काका खुशीत असायचे. तेव्हा ‘झकास’ म्हणताना मित्राला एवढं जरूर विचारा: कोणासाठी?