‘नागपूरच्या संत्रा बागायतदाराच्या संघर्षाची कहाणी’ ही लॉगलाइन (चित्रपटाची कथा एका वाक्यात सांगणारी ओळ) चालेल का?

नाही चालणार, संघर्ष कुणाशी आणि हरला तर काय जाणार, हे त्यात कळतच नाही. नागपुरात नवोदितांच्या पटकथा वाचताना मला हीच चूक सर्वांत जास्त दिसते. असं करून बघा: ‘दोन आंबिया बहार गळाल्यावर, बँकेचा लिलाव टाळण्यासाठी काटोलचा बागायतदार अर्धी बाग विकायला निघतो, पण सातबाऱ्यावर नाव असलेली, बारा वर्षं अबोला धरलेली बहीण सही द्यायला तयार नाही.’ आता बहिणीपाशी गेल्यावर काय होईल, हे वाचणाऱ्याला जाणून घ्यावंसं वाटतं. पात्राचं नाव नको, ओळख पुरते. शेवटही इथे फोडू नका. मात्र निर्मात्याने कथासार मागितलं, तर त्यात शेवट लिहावाच लागतो.