कायदे मुके होतात, की मौन धरतात?

प्रश्न असा आला आहे: ‘शस्त्रांच्या खणखणाटात कायदे मुके होतात’ हे रोमन वचन युद्धावरच्या लेखांत वाचायला मिळते. त्यात ‘मुके’ बरोबर की ‘मूक’? आणि अर्थ ‘युद्धात सगळे क्षम्य’ असाच घ्यायचा का?

मूळ वाक्य आधी पाहू, कारण शब्दाची निवड त्यावरच ठरते. ‘सिलेंत एनिम लेगेस इंतेर आर्मा’: कारण शस्त्रांमध्ये कायदे गप्प असतात. एवढेच. खणखणाट लॅटिनमध्ये कुठेच नाही. आर्मा लक्षणेने युद्धालाही म्हणतात खरे, पण इथे ती खरोखरची हत्यारे आहेत.

वाक्य सिसेरो या रोमन वक्त्याचे व वकिलाचे आहे, खुनाच्या खटल्यात मिलोच्या बचावासाठी केलेल्या भाषणातले. मिलो आणि क्लोडियस हे रोमचे राजकारणी एकमेकांचे हाडवैरी, दोघांच्याही पदरी हत्यारबंद माणसे. इ.स.पू. ५२च्या जानेवारीत रोमबाहेर आप्पियन रस्त्यावर बोविल्ले गावाजवळ दोघांची गाठ पडली आणि क्लोडियस मारला गेला. म्हणजे हे युद्ध नव्हे, भर रस्त्यावरची चकमक. क्लोडियसच दबा धरून बसला होता, असे सिसेरोचे म्हणणे. त्याच वाक्यात पुढे तो सांगतो की, अशा वेळी कायदे ‘आमची वाट पाहा’ असे बजावत नाहीत. वाट पाहत बसणाऱ्याला न्याय मिळण्याआधीच अन्याय भोगावा लागेल. आणि लगेच पुढे: कायदा स्वतःच, मोठ्या शहाणपणाने आणि जणू न बोलता, स्वसंरक्षणाची मुभा देतो. (मिलो सुटला नाही. जखमी क्लोडियसला खाणावळीतून ओढून काढून ठार केले, असे भाष्यकार आस्कोनियस लिहितो. सिसेरोची बाजू लंगडीच होती. तत्त्व मात्र खणखणीत आहे.)

आता शब्द. ‘मुका’ म्हणजे ज्याला वाचाच नाही. कायदे ‘मुके होतात’ म्हटले की त्यांची वाचा गेली, ते हतबल झाले असे वाटते. सिसेरोला नेमके हेच म्हणायचे नाही. ‘मूक’ला दोन्ही छटा आहेत: १९२०च्या ‘मूकनायक’मधला मूक आवाज नाकारलेला, तर ‘मूकसंमती’तला मूक जाणूनबुजून गप्प राहणारा. म्हणून ‘मूक’ चालेल, पण मला ‘मौन धरणे’ फार जवळचे वाटते. मौन धरायचे तर बोलता यावे लागते. शिवाय मौन म्हणजे संमती ही समजूत आपल्याकडे मुरलेली आहेच, आणि सिसेरोचा सगळा युक्तिवाद याच समजुतीवर उभा आहे.

पुढे शब्दक्रम बदलून ‘इंतेर आर्मा सिलेंत लेगेस’ असे त्याचे सुभाषित झाले आणि युद्धकाळात कायदा बाजूला पडतो, हा अर्थ रूढ झाला. १९४१ साली ब्रिटनमध्ये स्थानबद्धतेच्या एका खटल्यात लॉर्ड ॲटकिन यांनी अल्पमतातल्या निकालपत्रात या अर्थाला ठाम नकार दिला: शस्त्रांच्या खणखणाटातही या देशात कायदे गप्प नसतात. खणखणाट आहे तो इथे, इंग्रजीत.

रूढ अर्थाने वचन वापरायला हरकत नाही. मात्र तो अर्थ सिसेरोच्या नावावर टाकू नये. त्याचे नाव घ्यायचे असेल तर मी असे लिहीन: ‘शस्त्रे उपसली गेली की कायदे मौन धरतात.’