शनिवारचा डोंगर, रविवारचे पाय

प्रश्न: आम्ही पाच मित्रमैत्रिणींनी शनिवारी एक आणि रविवारी एक असे दोन अवघड डोंगर ठरवलेत. शनिवारची वाट 14 किमीची आणि चढ एकूण 1200 मीटर, रविवारची त्याच्या निम्मी. एक मित्र म्हणतो सपाटीवर ताशी 5 किमी चालतो आपण, म्हणजे तीन तासात विषय संपला. खरंच होईल का? आणि आमच्यातली एक जण खूप हळू चालते, तिचं काय करायचं?

उत्तर: मित्राने चढ हिशोबातच धरला नाहीये हो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा हिशोब मांडला होता, तो अजून चालतो: दर 5 किमीला एक तास आणि वर दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या वाटेला लावून बघा, 14 किमीचे पावणेतीन तासाच्या वर आणि चढाचे दोन, म्हणजे पावणेपाच तास तर इथेच झाले. आणि हे धडधाकट माणसाचं, न थांबता, बरी वाट असताना. त्यात पाणी पिणं, फोटो, वाट चुकणं, घसाऱ्यावर (सुट्या दगडमातीच्या निसरड्या उतारावर) बसत बसत उतरणं धरलं की सात तास धरूनच निघा, लवकर पोचलात तर कोण रागावणारे!

आता हळू चालणारी मैत्रीण. बहुतेक ग्रुपमध्ये काय होतं की पुढचे भराभर वर जातात, सावलीत मस्त दहा मिनिटं बसतात, ती धापा टाकत पोचते आणि ती आली रे आली की सगळे उठतात, चला चला निघू. म्हणजे ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही, आणि मग सगळे म्हणतात हिचा स्टॅमिनाच नाही. तिला लीडच्या लगेच मागे दोन नंबरला ठेवा, लीडने तिच्या चालीने चालायचं, बोलता बोलता दम लागणार नाही इतक्याच वेगाने. सगळ्यात पक्का गडी शेवटी. फास्ट वाल्यांना कंटाळा येईल, येऊ दे, त्यांच्या सॅकमध्ये तिचं पाणी टाका.

परत फिरायची वेळ मात्र घरून निघायच्या आधीच ठरवा. माथा समोर दिसायला लागला की पाचातले चार जण "अजून वीसच मिनिटं" म्हणतात आणि पाचवा गप्प बसतो, म्हणून तिथे मतदान नकोच. ठरलेली वेळ झाली की फिरायचं, माथा हाताच्या अंतरावर असला तरी.

प्रश्न: चढताना काही होत नाही पण उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखतात की खुर्चीतून उठवत नाही. मग रविवारचं कसं जमणार?

उत्तर: दुखणं उताराचंच आहे. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात, ब्रेक मारल्यासारखं, त्यात त्यांना बारीक इजा होते. दुखणं लगेच नाही, साधारण 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त जाणवतं. म्हणजे रविवारी सकाळी ते नुकतं सुरू झालेलं असेल, खरी मजा सोमवारी ऑफिसात. तुमचा क्रम बरोबर आहे, मोठा डोंगर आधीच करा.

चांगली गोष्ट अशी की स्नायू हे लक्षात ठेवतात. एकदा उताराचा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच उतार बराच कमी दुखतो, म्हणून एक-दोन आठवडे आधी एखादी टेकडी नाहीतर भरपूर जिने उतरून घ्या (लिफ्टने वर जा, चालेल!). उतरताना पावलं छोटी टाका, गुडघा ताठ ठेवू नका, दोन काठ्या असतील तर भार थोडा हातांवर जातो.

प्रश्न: नवीन बूट घेतलेत, तेच घालू का?

उत्तर: नको. आधी रोजच्या चालण्यात घालून मऊ करा, तोवर जुनेच. पाऊल कुठे गरम लागायला लागलं की फोडाची वाट न बघता तिथल्या तिथे थांबून टेप लावा, ग्रुप थांबेल.

प्रश्न: रेंज गेली आणि कोणी अडकलं तर?

उत्तर: शिट्टी, प्रत्येकाच्या सॅकच्या पट्ट्याला. एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट गप्प राहून ऐकायचं, परत सहा. मिनिटात तीन शिट्ट्या आल्या तर ते तुम्हाला दिलेलं उत्तर. अंधारात हेच टॉर्चने. आणि फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, बहुतेक फोनमध्ये तरीही जीपीएस चालतं, फक्त नकाशा आधीच डाउनलोड केलेला हवा.